पाणी गार आहे, हे माझं वैयक्तिक मत

आमच्या मोठ्या जाऊबाईंचा आवाज आधी घरी येतो, त्या मागून येतात. खाली जिन्यापाशी त्या चप्पल काढेपर्यंत वरच्या मजल्यावर मला कळलेलं असतं की आज बसमध्ये त्यांच्या पायावर कोण उभं राहिलं, त्यांनी त्याला काय सुनावलं आणि त्यावर कंडक्टर का हसला. त्या नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवतात. चारी बाजूंनी बंद हॉल, घुमणारा आवाज आणि समोर कानांवर रबरी टोप्या ओढून काठाला चिकटलेल्या घाबरट बायका. अशा जागी नोकरी केल्यावर माणूस हळू बोलायला विसरणारच, हे मला समजतं. पण सकाळी भावजी अंथरुणातून उठायला कुरकुरले की "पाय मारा, पाय मारा! गुडघा वाकवू नका!" अशी आरोळी उठते आणि खालचा भाडेकरूसुद्धा दचकून जागा होतो, ते काही बरं नाही.

गळ्यात कायम शिट्टी. त्यावरून सगळा परिसर त्यांना शिट्टीबाई म्हणतो. बँकेच्या रांगेत कोणी मध्ये घुसला की शिट्टी, टीव्हीवर कोणी मूर्खासारखं बोललं की शिट्टी. एकदा दाताच्या डॉक्टरांनी जरा जास्त खोल टोकरलं तेव्हा त्यांनी तोंड उघडं ठेवून शिट्टी कशी वाजवली, हे त्या डॉक्टरांनाही अजून उमगलेलं नाही.

मी त्यांची धाकटी जाऊ. घरीच शिवणकाम करते. तलावावरच्या निम्म्या बायकांचे पोहण्याचे पोशाख माझ्या मशीनवरचे आहेत. मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पण मापं राहतात. रस्त्यात कोणी "ओळखलं का?" म्हणून हसलं तर मी आधी खांद्याकडे बघते, मग कमरेकडे, आणि मग म्हणते, "अहो, ओळखलं की!"

जाऊबाईंच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही. त्यात त्यांना मोबाइल मिळाला. पाण्यात भिजू नये म्हणून तो प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये घालून शिट्टीशेजारी गळ्यातच अडकवलेला. दोन बॅचच्या मध्ये पाण्यात पाय सोडून बसायचं आणि ओल्या अंगठ्याने पाउचवरूनच टाइप करायचं, असा त्यांचा रिवाज. "आज आमच्या ह्यांनी स्वतः चहा केला. चहा आहे असं सांगितलं म्हणून प्यायले." "बसचा दरवाजा आणि माझी पाठ यांचं आज पुन्हा भांडण झालं." असलं सगळं. वाचणारे कोण, तर नातेवाईक आणि तलावावरच्या बायका. भावजी तर न वाचताच प्रत्येक पोस्टला लाइक करतात. त्यांच्या घोरण्यावर पोस्ट आली तेव्हा तिलाही त्यांचाच पहिला लाइक होता.

म्हणूनच मागच्या हिवाळ्यात मला नवल वाटलं. जाऊबाई तळहातावर पेनने मापं लिहून आल्या आणि म्हणाल्या, "एक पुरुषाची पोहायची चड्डी शिवून दे. पोटाला सढळ, मांडीला आटोपशीर."

"कोणाची?"

"तुला काय करायचंय?"

ज्या बाईने नवऱ्याचं घोरणं जगाला सांगितलं, ती मला म्हणते तुला काय करायचंय! मी खूप खोदून विचारलं. भावजींचं माप ते नव्हतंच. भावजी म्हणजे हँगरवर टाकलेला शर्ट. पण बाई काही बधल्या नाहीत. मग मी फणकाऱ्याने निळं उरलेलं कापड घेतलं, त्याला पिवळी किनार लावली आणि शिवून दिली. ती चड्डी पुढे कोणाच्याच अंगावर दिसली नाही. पण माप माझ्या डोक्यात राहिलं ते राहिलंच.

तर, भानगड सुरू झाली ती पाणी गरम करण्याच्या यंत्रावरून. तलावावर ते यंत्र मोठ्या थाटात बसवलं. फीत कापली, फोटो निघाले आणि दारावर "गरम पाण्याचा तलाव" अशी हातभर अक्षरांची पाटी लागली. यंत्र घरघर करायचं, त्याचे दिवे लागायचे, फक्त पाणी तेवढं गार राहायचं. जाऊबाईंनी हे साहेबांच्या कानावर घातलं.

हे साहेब म्हणजे तलावाचे व्यवस्थापक. गोल, गोरे, घाबरट आणि तरीही रुबाबदार असं एकाच वेळी कसं दिसायचं, हे त्यांच्याकडून शिकावं. खांद्यावर कायम पांढराशुभ्र टॉवेल. म्हणून बायका त्यांना टॉवेलसाहेब म्हणायच्या. मात्र तो टॉवेल ओला झालेला कोणी पाहिला नव्हता. ते काचेच्या केबिनमध्ये बसून तलावावर नजर ठेवायचे आणि बाहेर आलेच तर भिंतीला धरून चालायचे.

"पाणी गार आहे, साहेब," जाऊबाई म्हणाल्या.

"यंत्रावर दिवा लागलाय ना?" साहेब म्हणाले.

"दिवा लागलाय, पण पाणी गार आहे."

"दिवा हिरवा आहे की लाल?"

"हिरवा."

"मग झालं तर. पाणी गरम आहे."

पुढच्याच दिवशी पाटी वाचून, गरम पाण्याच्या आशेने आलेल्या एका निवृत्त नर्सबाईंच्या पोटरीत गोळा आला. भर तलावाच्या मधोमध. जाऊबाईंनी त्यांना कपड्यानिशी उडी मारून काढलं. बाई वाचल्या, चहा पिऊन घरीही गेल्या, पण जाऊबाईंचा संताप काही जाईना. त्यांनी आपल्या निळ्या पडलेल्या बोटांचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "उद्घाटन गरमागरम झालं. पाणी गार आहे. बायांनो, सांभाळून या."

त्यांच्या आयुष्यातली ही पहिली पोस्ट, जी नात्याबाहेरच्या लोकांनी वाचली. गावभर फिरली. कोणी तिला आपल्या गल्लीतल्या खड्ड्यांचे फोटो जोडले, कोणी बंद दिव्यांचे. दोन दिवसांत वरच्या कार्यालयातून परिपत्रक आलं की कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या अकाउंटवर मत मांडताना, हे मत वैयक्तिक असून खात्याचे नाही, असा स्पष्ट उल्लेख करावा. साहेबांनी ते जाऊबाईंना वाचून दाखवलं, दोनदा, टॉवेलने कपाळ पुसत.

"प्रत्येक पोस्टखाली?" जाऊबाईंनी विचारलं.

"प्रत्येक!"

आता, जाऊबाईंना आज्ञा पाळायला लावणं अवघड, पण एकदा त्यांनी पाळायची ठरवली की आज्ञा देणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. त्यांच्या मैत्रिणीला नातू झाला. जाऊबाईंनी लिहिलं, "बाळ गोड आहे आणि अगदी आजोबांवर गेलंय. हे मत वैयक्तिक असून खात्याचं नाही." कोपऱ्यावरचे वयस्कर शिंपी वारले. जाऊबाईंनी लिहिलं, "फार चांगला माणूस गेला. हे मत वैयक्तिक असून खात्याचं नाही." संध्याकाळी शिंप्यांच्या मुलाचा फोन आला. बिचारा रडक्या आवाजात विचारत होता, "काकू, मग खात्याचं काय मत होतं बाबांबद्दल?"

घरातही साथ पसरली. भावजी जेवताना म्हणाले, "भाजी बरी झालीय," आणि मग इकडेतिकडे बघून घाईघाईने, "वैयक्तिक मत आहे." सासूबाईंनी भाजी चाखली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "धाकटे, खात्याला सांग, मीठ कमी आहे."

सासूबाई हसायच्या, पण त्यांना हे सगळं आवडलेलं नव्हतं. एकदा त्या मला म्हणाल्या, "पगार हातापायांचा देतात ना हिला? मग जिभेवर कसला हक्क सांगतात?"

साहेबांना मात्र या प्रकरणात एक कल्पना सुचली, आणि त्यांना कल्पना सुचणं हे कधीच शुभ नसतं. लोकांच्या मनातून गारठा घालवायचा तर तलावाचं स्वतःचं अधिकृत पान हवं, असं त्यांनी वर कळवलं. वरून होकार आला. पण रोज त्यावर लिहिणार कोण? साहेब एका बोटाने टाइप करतात आणि ते बोटही दर अक्षराआधी हवेत विचार करत थांबतं. पहारेकऱ्याकडे साधा फोन. उरल्या कोण? ज्यांना गप्प करायचं होतं, त्यांच्याच फोनमध्ये साहेबांनी खात्याचं तोंड बसवून दिलं. एकाच पाउचमध्ये आता दोन अकाउंट. एक शिट्टीबाईंचं, एक तलावाचं. दोन्हींवर फोटो त्याच तलावाचा, कारण जाऊबाईंना दुसरा फोटो आवडत नव्हता.

यापुढे काय झालं असेल, हे कोणीही ओळखेल. साहेबांनी मात्र ओळखलं नाही.

त्या सकाळी जाऊबाई कंबरभर पाण्यात उभ्या होत्या. साहेबांनी काठावरून, म्हणजे काठापासून चांगलं लांब भिंतीला टेकून, मजकूर सांगितला, "तलावाचे पाणी कोमट व आल्हाददायक असून नागरिकांनी त्याचा लाभ घ्यावा." जाऊबाईंनी दात वाजत असताना तो टाइप केला. लगेच स्वतःचाही टाइप केला. पाउच आतून धुरकटलेला, अंगठा बधिर. दोन्ही पोस्ट गेल्या. पण एकमेकींच्या घरी गेल्या.

तलावाच्या अधिकृत पानावर, नगरपालिकेच्या शिक्क्याखाली, गावाने वाचलं, "आज पाण्यात उतरले आणि माझे गुडघे माझ्याशी बोलेनासे झाले. बायांनो, घरूनच अंग गरम करून या, नाहीतर गोळा येईल. पाटी वाचून ऊब येत नाही. हे मत वैयक्तिक असून खात्याचं नाही."

लोक अक्षरशः लोळले. एकाने लिहिलं, "खातं पहिल्यांदा खरं बोललं आणि लगेच म्हणालं, मी नव्हे." दुसऱ्याने विचारलं, "खात्याच्या गुडघ्यांची तब्येत आता कशी आहे?" इकडे जाऊबाईंच्या पानावर पाणी कोमट व आल्हाददायक असल्याचं वाचून मैत्रिणींचे फोनवर फोन. "अगं, तू बरी आहेस ना?" "तुझा फोन कोणी चोरला का?" नर्सबाई तर रिक्षा करून घरी आल्या आणि त्यांनी जाऊबाईंच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. भावजींनी दोन्ही पोस्ट लाइक केल्या होत्या.

आम्ही पोट धरून हसलो. हसणं थांबलं ते आरोपपत्र आल्यावर. आरोप पहिला, वैयक्तिक मत खात्याच्या नावे प्रसिद्ध केले. आरोप दुसरा, खात्याचे मत परवानगीशिवाय वैयक्तिक नावे प्रसिद्ध केले.

सासूबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. "म्हणजे पाणी गार म्हटलं तरी गुन्हा आणि गरम म्हटलं तरी गुन्हा? मग हिने काय पाण्याचं नावच काढायचं नाही?"

पण खाली शेवटच्या ओळीत जे होतं, त्यावर कोणाला विनोद सुचला नाही. दोष सिद्ध झाल्यास जुन्या कागदपत्रांच्या विभागात बदली. तो विभाग मुख्य कार्यालयाच्या तळघरात आहे. खिडकी नाही, बोलायला माणूस नाही. खुर्चीत बसून जुने कागद गठ्ठ्यांत बांधायचे.

"मला खुर्चीत बसवणार," जाऊबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि तेही हळू.

मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. फोन कपाटात ठेवला. तलावावर जायच्या, यायच्या, पण जिन्यावर फक्त पावलं वाजायची. भावजी सकाळी आपणहून उठून बसायचे आणि आवाजाची वाट बघत तसेच बसून राहायचे. खालच्या भाडेकरूने मला थांबवून विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का? मला दोनदा कामावर जायला उशीर झाला." त्या बाईच्या आवाजाला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली होती, आणि आता मशीनवर बसलं की मला मशीनचा आवाज ऐकू यायचा, बाकी काही नाही. मला खूप वाईट वाटायचं. एका दुपारी तर मी शिवता शिवता चक्क रडले आणि एका बाईच्या पोशाखाची बाही उलटी बसवली.

चौकशी तलावावरच, साहेबांच्या केबिनमध्ये ठेवली होती. कर्मचाऱ्याला मदतीला एक माणूस नेता येतो. जाऊबाईंनी भावजींना नेलं नाही, कारण ते आरोपपत्रालाही लाइक करून आले असते. त्यांनी मला नेलं. निघताना मी खिळ्यावरची शिट्टी गुपचूप पर्समध्ये टाकली. का टाकली ते मला सांगता येणार नाही. ती तिथे लटकलेली बघवत नव्हती, एवढंच.

चौकशी अधिकारी म्हणजे बारीक आवाजाच्या, जाड स्वेटर घातलेल्या एक मॅडम होत्या. त्यांच्यासमोर साहेब, टॉवेलसह. काचेपलीकडे तलाव, आणि काचेला नाक लावून बायकांची अख्खी बॅच, रबरी टोप्यांसकट.

"या दोन पोस्ट तुम्हीच केल्या?" मॅडमनी विचारलं.

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "अदलाबदल झाली. चूक माझी आहे."

"चुकून झालं हे मी समजू शकते. पण पाणी गार आहे असं मुळात लिहायचं कशाला? तुम्ही खात्याच्या नोकर आहात."

"मी खात्याच्या विरुद्ध नाहीये, मॅडम. मी गारठ्याच्या विरुद्ध आहे. आधी साहेबांना सांगितलं होतं. मग एका बाईच्या पायात गोळा आला. दुसरीला येऊ नये म्हणून माझ्या पानावर लिहिलं. माझ्या पानावर मी दुसरं काय लिहिणार? मला जे दिसतं तेच ना?"

"पण पाणी गार आहे हे तुमचं मत झालं. खात्याचं म्हणणं आहे, ते गरम आहे."

"ताईंचे दात वाजत होते, मॅडम," मी मध्येच बोलले. "दात काही मतं मांडत नाहीत."

"मदतनिसांनी विचारल्याशिवाय बोलू नये," मॅडम म्हणाल्या, पण त्यांनी लिहून घेतलं. मग त्या साहेबांकडे वळल्या. "पाणी गरम आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?"

साहेब उभे राहिले. "यंत्रावरचा दिवा हिरवा आहे, मॅडम."

"ते झालं. तुम्ही स्वतः पाण्यात उतरून पाहिलं का?"

साहेबांचा टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. "तसा... वेळोवेळी... आढावा घेतला जातो."

"उतरून?"

साहेब टॉवेल सारखा करत काचेकडे वळले. मी त्यांना एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघत होते, आणि ते तसे बाजूने दिसत असताना माझी नजर, सवयीने, त्यांच्या खांद्यावरून कमरेवर आली. पोटाला सढळ. मांडीला आटोपशीर. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निळं कापड, पिवळी किनार! चड्डी यांची होती! मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, आणि मी ओळखलं हे त्यांनी ओळखलं.

मी त्यांच्या कानाशी गेले. "ताई, यांना पोहायला येत नाही ना? तुम्ही यांना शिकवता?"

"सकाळी तलाव उघडायच्या आधी," त्या पुटपुटल्या. "शिकवते कसली. काठापर्यंतही येत नाहीत. लहानपणी बुडता बुडता वाचलेत. पायऱ्या बघितल्या की थरथरतात."

"मग सांगा की! सगळं इथेच मिटेल! ज्या माणसाने पाण्याला बोटही लावलेलं नाही, तो पाणी गरम म्हणतोय!"

"नाही."

"अहो, तळघरात जायचंय का तुम्हाला?"

"नाही म्हटलं ना. पाणी गार आहे हे माझं मत. ते मी चौकात उभी राहून सांगेन. हे त्यांचं आहे, माझं नाही."

मी चिडले, खरंच चिडले. ज्या बाईच्या पोटात काही राहत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले, तिच्या पोटात अख्खा हिवाळा एवढी मोठी गोष्ट राहिली होती, आणि आता ती बाहेर काढली तर नोकरी वाचत होती, तरी ती काढत नव्हती!

"काय कुजबुज चाललीय?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही तिथे रोज असता. व्यवस्थापक कधी पाण्यात उतरलेत का? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

साहेबांचा चेहरा टॉवेलइतका पांढरा. काचेपलीकडच्या बायकाही श्वास रोखून.

"ते साहेबांनी सांगायचं," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्याकडे त्याबद्दल काही मत नाही."

"तुमच्या बदलीचा प्रश्न आहे, हे लक्षात आहे ना?"

"आहे, मॅडम."

मॅडमनी पेन उचललं. त्या लिहायला लागणार एवढ्यात साहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवला. टॉवेलशिवाय ते एकदम लहान दिसायला लागले.

"मी कधी पाण्यात उतरलेलो नाही," ते म्हणाले. "मला पाण्याची भीती वाटते. यांना माहीत आहे. यांनी कोणालाही सांगितलं नाही. यांच्या पानावर सगळ्या गावाची उठाठेव असते, मी रोज घाबरत घाबरत उघडून बघायचो. माझ्याबद्दल एक अक्षर नसायचं."

आणि मग ते ताडकन केबिनबाहेर पडले. आम्ही मागोमाग. तलावाच्या हॉलमध्ये, सगळ्या बॅचच्या देखत, साहेबांनी बूट काढले, मोजे काढले आणि पँटच्या पट्ट्याला हात घातला. बायकांनी किंकाळी फोडली. मॅडमनी फाइल डोळ्यांसमोर धरली. मी मात्र टक लावून बघत होते, कारण मला खात्री होती. पँट खाली आली आणि आत, निळी, पिवळ्या किनारीची, पोटाला अगदी बरोबर बसलेली माझी चड्डी!

"रोज घालून येतो," साहेब आमच्याकडे न बघता म्हणाले. "वाटतं, आज जमेल."

इस्त्रीचा शर्ट, खाली माझी चड्डी, अशा वेशात ते पायऱ्यांपाशी गेले. एका हाताने दांडा धरला. जाऊबाई झटकन पुढे झाल्या, पण त्यांनी हात धरला नाही, नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. साहेबांनी एक पाय सोडला. मग दुसरा. पाणी गुडघ्यांना लागलं.

"आई गं!" साहेब असे ओरडले की हॉल दणाणला. जाऊबाईंनंतर त्या हॉलमध्ये एवढा मोठा आवाज कोणी काढला नसेल. "बर्फ आहे हे! बर्फ! गार आहे, मॅडम, पाणी गार आहे!"

मॅडमनी फाइलवरून हळूच डोळे वर केले. "हे नोंदवून घ्यायचं का?"

"घ्या!"

"तुमचं वैयक्तिक मत म्हणून?"

साहेबांनी गुडघ्यांकडे बघितलं. मग काठावरच्या बायकांकडे, मग जाऊबाईंकडे. त्यांचे दात आता चांगलेच वाजत होते.

"नाही," ते म्हणाले. "खात्याचं!"

मॅडमनी लिहिलं. त्या खाली वाकल्या, पाण्यात एक बोट बुडवलं, चटकन मागे घेतलं आणि स्वेटरला पुसलं. मग म्हणाल्या, "मग बाईंचं आणि खात्याचं मत एकच आहे. कोणाचं कोणाच्या पानावर गेलं, याने फारसं बिघडलं असं मला दिसत नाही. बदलीचंही कारण दिसत नाही. ती पाटी मात्र आजच उतरवा."

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेब अजून पायरीवरच होते. पुढे जाववत नव्हतं आणि मागे यायला लाज वाटत होती. जाऊबाईंचा हात आपोआप गळ्याशी गेला, शिट्टीसाठी, आणि रिकामाच खाली आला. मी पर्स उघडली आणि शिट्टी त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी ती गळ्यात घातली आणि अशी वाजवली की मॅडमच्या हातातलं पेन पाण्यात पडलं.

"काय बघताय साहेब, पाय मारा! गुडघा वाकवू नका!"